तीच बाटली, तीन ग्लास, तीन वेगळे मार्क: वाइन परीक्षकांची जीभ खरंच थकते का?

वाइनच्या दुकानात बाटली हातात घेतली की तिच्यावर हमखास एक गोल सोनेरी स्टिकर दिसतो. अमुक स्पर्धा, अमुक साल, गोल्ड मेडल. हल्ली नाशिककडच्या वायनरीजच्या बाटल्यांवरही हे स्टिकर असतात आणि २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, त्यावर जो गदारोळ झाला, तेव्हापासून तर ज्यांनी आयुष्यात वाइन तोंडाला लावली नाही तेही वाइनवर तावातावाने बोलायला लागलेत. पण ते मेडल नक्की कसं मिळतं, आणि ते देणारा माणूस दिवसभर वाइन चाखून चाखून शेवटी भंजाळत नाही का, हे कुणी फारसं विचारत नाही. अमेरिकेत एका माणसाने ते विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही तर चार वर्षं मोजून काढलं.

आधी दोन शब्द समजून घेऊ

ब्लाइंड टेस्टिंग म्हणजे डोळ्याला पट्टी नाही हं. बाटली झाकलेली किंवा आतल्या खोलीत ठेवलेली असते आणि परीक्षकासमोर येतात फक्त नंबर लावलेले ग्लास. कंपनी कोणती, किंमत किती, यातलं काही माहीत नसतं. नाव बघून मार्क पडू नयेत म्हणून ही सगळी खटपट.

दुसरा शब्द पॅलेट फटीग. एकामागून एक चव घेत गेलं की जीभ आणि नाक बोथट होतात आणि दोन वाइनमधला फरक पकडणं अवघड होत जातं, ते हे. यापुढे मी त्याला सरळ थकवा म्हणतो.

एका बैठकीत किती वाइन चाखतात? आपल्याला वाटेल पाच-सहा. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत एकेका फेरीत ३० च्या आसपास ग्लास समोर येतात आणि अशा चार ते सहा फेऱ्या दिवसात होतात, म्हणजे संध्याकाळपर्यंत साधारण १५० वाइन. गिळत नाहीत, शेजारच्या भांड्यात थुंकतात, पण तरीही १५०! याउलट मास्टर सोमेलिए ही रेस्टॉरंटमधल्या वाइन-जाणकारांची, जगातली अवघड समजली जाणारी परीक्षा घ्या, तिथे चाखण्याच्या पेपरला २५ मिनिटांत ६ वाइन असतात. मास्टर ऑफ वाइन या तशाच दुसऱ्या परीक्षेच्या प्रॅक्टिकलला एका पेपरला १२, असे तीन पेपर. म्हणजे माणूस पारखायचा असेल तेव्हा सहा नाहीतर बारा वाइन, आणि त्याच माणसाकडून वाइन पारखून घ्यायची असेल तेव्हा दीडशे. मला तर इथेच काहीतरी गडबड वाटते.

जीभ थकते म्हणजे आत नेमकं काय होतं?

रेड वाइनमध्ये टॅनिन असतं, द्राक्षाच्या सालीतून, बियांतून आणि लाकडी पिंपातून येणारं. जांभूळ खाल्ल्यावर किंवा कोरा कडक चहा प्यायल्यावर तोंड जसं तुरट, कोरडं पडतं, ते काम याचंच. आपल्या लाळेत काही प्रथिनं असतात ज्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं. टॅनिन त्या प्रथिनांना चिकटतं, त्यांच्या गुठळ्या होतात आणि तोंडातला तो गुळगुळीतपणा जातो. लाळ परत तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचा ग्लास आला तर त्याचा तुरटपणा आधीच्यावर चढतो. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या संशोधकांनी हे मोजलं होतं, तीच वाइन थोड्या थोड्या वेळाने परत परत प्यायला दिली तर तुरटपणा वाढत जातो, आणि दोन घोटांमधलं अंतर जितकं कमी तितका तो जास्त चढतो. म्हणजे विसावी रेड वाइन बिचारी स्वतःचे आणि आधीच्या एकोणीस जणींचेही भोग भोगत असते.

नाकाचं वेगळं. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं बंद करतं, आणि हे काही मिनिटांतच होतं. साध्या हवेत थांबलं की परत येतं. (परफ्यूमच्या दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात ना, त्याची तपासणी केली तेव्हा त्या साध्या हवेपेक्षा काही वरचढ ठरल्या नाहीत. पण दुकानदाराला कोण सांगणार.) त्यात भर म्हणजे बुचातून येणारं टीसीए नावाचं एक रसायन, ज्याने वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतो. २०१३ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की हे रसायन अगदी नगण्य प्रमाणातही वास ओळखणाऱ्या पेशींचं कामच दाबून टाकतं. प्रयोग पाण्यातल्या न्यूट या प्राण्याच्या पेशींवर होता, त्यामुळे लगेच माणसाला लावायला जपून, पण रांगेत एक खराब बाटली आली तर तिच्यानंतरच्या दोन-तीन वाइनवर अन्याय होत असेल ही शंका घ्यायला जागा आहे.

आणि तिसरं दारूचं. थुंकली तरी थोडं अल्कोहोल तोंडाच्या आतल्या कातडीतून आणि नकळत गिळलेल्या थेंबांतून अंगात जातंच. शंभर ग्लासांनंतर ते थोडं थोडं राहत नाही.

नाशिकच्या कुठल्याही टेस्टिंग रूममध्ये गेलात तर बघा, आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, मग रोझे, मग रेड आणि गोड डेझर्ट वाइन अगदी शेवटी. हा क्रम उगाच नाही. आधी गोड प्यायली तर नंतरची साधी व्हाइट आंबटढाण लागते आणि आधी दणदणीत रेड घेतली तर पुढची नाजूक वाइन पाणी वाटते. म्हणजे थकवा आणि क्रम याचा परिणाम होतो हे धंद्यातल्या लोकांना पक्कं माहीत आहे. प्रश्न असा की किती होतो?

मोजायचं ठरवलं एका प्राध्यापकाने

रॉबर्ट हॉजसन हे कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट युनिव्हर्सिटीतले समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची स्वतःची फील्डब्रुक नावाची छोटी वायनरी. त्यांची तक्रार साधी होती, आपलीच एक वाइन एका स्पर्धेत गोल्ड घेते आणि दुसरीकडे तिला कुणी विचारत नाही, हे कसं काय? दुसरा कोणी असता तर परीक्षकांना शिव्या घालून मोकळा झाला असता. हे पडले आकडेमोड करणारे गृहस्थ. त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या लोकांना पटवलं की स्पर्धा चालू असतानाच, परीक्षकांना न सांगता, त्यांची परीक्षा घेऊ.

युक्ती अशी. समजा बोर्डाच्या पेपर तपासनिसाच्या गठ्ठ्यात एकाच मुलाच्या पेपरच्या तीन झेरॉक्स वेगवेगळ्या नंबरांनी घुसवल्या. तपासनीस पक्का असेल तर तिन्हींना सारखे, निदान जवळपासचे मार्क देईल. एकाला ८५, दुसऱ्याला ७९ आणि तिसऱ्याला ९१ दिले तर प्रश्न पेपरचा नाही, तपासणाऱ्याचा आहे. हॉजसननी तेच केलं. चार परीक्षकांचं एक पॅनेल, समोर ३० ग्लासांची फेरी आणि त्यात काही वाइन तीन-तीनदा, आणि तिन्ही वेळा एकाच बाटलीतून ओतलेली. हे एकाच बाटलीचं फार महत्त्वाचं, कारण नाहीतर लोक लगेच म्हणतात की बाटली-बाटलीत फरक असतो हो.

२००५ ते २००८ अशी चार वर्षं, दरवर्षी ६५ ते ७० परीक्षक. निकाल २००८ मध्ये जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्समध्ये आला. साधारण १० टक्के परीक्षकांनाच तीच वाइन तिन्ही वेळा एकाच मेडलच्या गटात ठेवता आली. आणखी १० टक्के असे निघाले ज्यांनी कधी कधी तीच वाइन ब्राँझपासून गोल्डपर्यंत फिरवून आणली. बाकीचे मधे. साधारण परीक्षकाचे मार्क ४ ने खाली-वर व्हायचे, म्हणजे आत्ता ९० दिलेली वाइन थोड्या वेळाने ८६ किंवा ९४. यांची पट्टी ८० ते १०० ची, त्यामुळे ४ मार्क म्हणजे थोडेथोडके नव्हेत, त्यात मेडल बदलतं.

बरं, मग जे १० टक्के पक्के निघाले त्यांनाच दरवर्षी बोलवा की! तेही बघून झालं. एका वर्षी पक्के ठरलेले पुढच्या वर्षी इतरांसारखेच डळमळीत निघाले. म्हणजे तेव्हाचा त्यांचा पक्केपणा हासुद्धा बराचसा नशिबाचाच खेळ होता. मला विचाराल तर सगळ्या अभ्यासातला सगळ्यात बोचणारा भाग हा आहे.

मग हा थकवाच झाला ना?

इथे बहुतेक लोक घाई करतात. "बघा, दीडशे वाइन चाखल्यावर दुसरं काय होणार" असं म्हणून मोकळे होतात. पण नीट बघा, त्या तीन सारख्या वाइन दिवसभरात विखुरलेल्या नव्हत्या, एकाच फेरीत ३० ग्लासांच्या आत होत्या. सकाळी पहिली आणि रात्री शेवटची असं नव्हतं. म्हणजे दिवसभराच्या थकव्याने हा गोंधळ पुरता उलगडत नाही, काही भाग निव्वळ डळमळ आहे, जी ताज्यातवान्या माणसाच्याही निकालात असते.

डळमळ आणि थकवा यातला फरक समजला की बाकी सगळं सोपं आहे. तपासनीस कधी दोन मार्क जास्त देतो कधी दोन कमी, कारण काही नाही, ही झाली डळमळ. आणि गठ्ठ्याच्या शेवटी शेवटी तो कंटाळून सगळ्यांनाच कमी द्यायला लागतो, किंवा चांगल्या-वाईटातला फरक न कळून सगळ्यांना मधलेच मार्क वाटतो, तो थकवा. डळमळीला दिशा नसते. थकव्याला असते.

म्हणून थकवा खरंच मोजायचा असेल तर तीच वाइन रांगेत सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लपवायची, समजा तिसरा, पंधरावा आणि अठ्ठाविसावा ग्लास. आणि हे एका वाइनवर नाही, बऱ्याच वाइनवर करायचं, आणि प्रत्येक परीक्षकाला ग्लासांचा क्रम वेगळा द्यायचा. मग बघायचं, मार्क शेवटाकडे सगळे एकाच बाजूला सरकतात का? आणि दुसरं, शेवटच्या ग्लासांमध्ये चांगली वाइन आणि सुमार वाइन यांच्या मार्कांतलं अंतर मिटत जातं का? हे दोन्ही नसेल आणि मार्क नुसतेच इकडेतिकडे उडत असतील तर जिभेच्या थकव्याला दोष देण्यात अर्थ नाही.

क्रमाचा परिणाम असतो याला पुरावा आहे. कॅनडातल्या ब्रॉक युनिव्हर्सिटीच्या अँटोनिया मँटोनाकिस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक गमतीशीर अभ्यास छापला. लोकांना दोन ते पाच वाइन चाखायला दिल्या, त्यांना वाटलं वेगवेगळ्या आहेत, प्रत्यक्षात सगळ्या एकच. आवडती कोणती विचारल्यावर लोकांचा कल पहिलीकडे. आणि ज्यांना वाइनमधलं जास्त कळतं, ते रांग लांब झाल्यावर शेवटचीकडेही झुकले. इथे पाचच ग्लास होते, थकायला काही वावच नव्हता! म्हणजे नुसतं रांगेत कुठे उभी आहे यावरही वाइनचं नशीब ठरतं.

"पण चार-चार परीक्षक असतात, त्यांची सरासरी काढली की झालं"

अर्धं बरोबर. डळमळ सरासरीने खरंच कमी होते. चार जण एकमेकांशी न बोलता मार्क देत असतील तर गोंधळ साधारण निम्म्यावर येतो, सोळा असतील तर पावपट. पण स्पर्धेत सहसा पॅनेलच्या सगळ्यांसमोर ग्लास त्याच क्रमाने येतात. गोड वाइननंतर आलेली बिचारी आंबट वाइन चौघांनाही आंबटच लागणार आणि अठ्ठाविसाव्या ग्लासाला चौघांच्याही जिभा सारख्याच बोथट झालेल्या असणार. सगळ्यांची चूक एकाच दिशेला असेल तर चार काय, चाळीस जणांची सरासरी काढा, चूक तिथेच राहते. म्हणून परीक्षक वाढवणं हा डळमळीवर उपाय आहे, थकव्यावर नाही. थकव्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचा क्रम वेगळा ठेवणं, फेऱ्या लहान करणं आणि मधली सुट्टी मोठी ठेवणं, आणि हे आयोजकांना परवडत नाही कारण वाइन भरमसाठ येतात. लंडनच्या डिकँटर स्पर्धेला २०२४ मध्ये १८ हजारांच्या आसपास वाइन आल्या होत्या. प्रत्येक वाइनची एन्ट्री फी असते हे वेगळं सांगायला नको.

हॉजसनच्या आकडेमोडीत हेही दिसलं की साधारण निम्म्याच पॅनेलचे निकाल निव्वळ वाइनच्या दर्जावर ठरले होते. बाकीच्या निम्म्यांत इतर गोष्टी शिरल्या होत्या.

"मग तज्ज्ञबिज्ञ सगळं थोतांड?"

नाही. सोशल मीडियावर हे फार चालतं, "रेड आणि व्हाइट वाइनमधला फरकसुद्धा तज्ज्ञांना कळत नाही" वगैरे. त्यामागे फ्रान्समधल्या बोर्दोचा प्रयोग आहे, २००१ मध्ये छापलेला. फ्रेडरिक ब्रोशे आणि सहकाऱ्यांनी व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळला आणि ५४ जणांना तिच्या वासाचं वर्णन करायला सांगितलं, तर त्यांनी रेड वाइनसाठी वापरतात ते शब्द वापरले. पण ते ५४ जण तज्ज्ञ नव्हते, वाइनशास्त्राचे विद्यार्थी होते, आणि कुणी त्यांना "ही रेड आहे की व्हाइट" असं विचारलंच नव्हतं. त्या प्रयोगातून कळतं ते एवढंच की डोळे नाकाला हुकूम सोडतात. तेही कमी नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरतं ते काहीतरी भलतंच.

हॉजसनच्याच अभ्यासात तज्ज्ञांच्या बाजूची एक गोष्ट आहे जी सहसा सांगितली जात नाही. परीक्षक जे आवडत नाही त्याबाबत जास्त ठाम होते. म्हणजे वाइन बिघडलेली आहे, आंबलेली आहे, हे ते परत परत बरोबर पकडतात. घोळ होतो तो चांगल्या वाइनच्या गर्दीत, ही ८९ ची की ९३ ची हे ठरवताना. आणि खरं सांगायचं तर तिथे फरकच मुळात एवढासा असतो की तो ३० ग्लासांच्या रांगेत दोन घोटांत पकडायची अपेक्षा ठेवणारेच जास्त दोषी.

मग त्या सोनेरी स्टिकरचं काय करायचं?

२००९ मध्ये हॉजसननी दुसरा अभ्यास काढला, या वेळी अमेरिकेतल्या १३ स्पर्धांचा. तीनपेक्षा जास्त स्पर्धांमध्ये गेलेल्या २,४४० वाइन होत्या. त्यातल्या ४७ टक्के वाइनना कुठे ना कुठे गोल्ड मिळालं होतं. आणि त्या गोल्डवाल्यांपैकी ८४ टक्के वाइन दुसऱ्या कुठल्या तरी स्पर्धेत हात हलवत परत आल्या होत्या, ब्राँझसुद्धा नाही. एका ठिकाणच्या गोल्डवरून दुसऱ्या ठिकाणचा अंदाज बांधता येत नव्हता.

हिशोब करून बघा. समजा एखादी वाइन ठीकठाक आहे आणि कुठल्याही एका स्पर्धेत तिला गोल्ड मिळायची शक्यता फक्त १० टक्के आहे. पाच स्पर्धांना पाठवली तर निदान एक गोल्ड मिळायची शक्यता ४१ टक्क्यांवर जाते. दहा स्पर्धांना पाठवली तर ६५. वायनरी काही खोटं करत नाही, गोल्ड खरंच मिळालेलं असतं, फक्त बाकीच्या नऊ ठिकाणी काय झालं ते बाटलीवर छापत नाहीत. म्हणून एकुलत्या एका स्टिकरला फार भाव देऊ नका, पण तीच वाइन वेगवेगळ्या स्पर्धांत, वेगवेगळ्या वर्षांत वर येत असेल तर तिची दखल घ्यायला हरकत नाही. आणि बिघडलेली वाइन मेडलपर्यंत पोचणं अवघड, एवढी खात्री स्टिकरवरून नक्की बाळगा.

स्वतःची जीभ तपासायची असेल तर

घरी करता येतं. दोन वाइन घ्या, साधारण एकाच प्रकारच्या आणि किमतीच्या. कुणाला तरी तीन सारखे ग्लास भरायला सांगा, दोनमध्ये एक वाइन आणि तिसऱ्यात दुसरी, तुम्ही त्या वेळी बाहेर थांबायचं. मग तिन्ही चाखून वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. याला ट्रँगल टेस्ट म्हणतात, खाद्यपदार्थांच्या कंपन्यांमध्ये रोजच्या वापरातली आहे. चहावर, आंब्याच्या रसावरही करता येते, वाइनच पाहिजे असं काही नाही. नुसता अंदाज ठोकला तरी तीनातून एकदा बरोबर येणारच, त्यामुळे एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करू नका. ग्लासांची अदलाबदल करत सहा वेळा करा. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता २ टक्क्यांच्याही आत आहे, म्हणजे तुम्हाला फरक खरंच कळतोय. चारच आले तर नशिबाची शक्यता १० टक्के. आणि सहाही फेऱ्या एका बैठकीत उरकू नका, मध्ये पाणी प्या, बिनमिठाची साधी बिस्किटं खा, थोडं गॅलरीत जाऊन या, दोन-दोन करून तीन दिवसांत केल्यात तर उत्तम.

आता सुरुवातीच्या दोन फेऱ्या बरोबर आणि नंतरच्या चुकायला लागल्या असं झालं तर मात्र तो थकवा की निव्वळ नशीब हे कळायला फेऱ्यांचा क्रम उलटा करून परत एकदा बघावं लागेल.